चालत्या गाडीतला नळ

घरातला नळ आणि गाडीतला नळ यांत फरक तो काय, असं कुणी विचारलं की पूर्वी माझं डोकं फिरायचं. आताही फिरतं, पण गुडघे गेल्यामुळे ताडकन उठून जाता येत नाही, म्हणून बसल्या जागी उत्तर देतो. घर जागेवर उभं असतं, गाडी पळते. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या भागातल्या मिस्त्र्यांना, बॉडी बांधणाऱ्यांना आणि हौशी मालकांना ती सांगता सांगता माझे केस पिकले आणि त्यांच्या गाड्या गळतच राहिल्या.

मी गेवराईचा शेख रफिक. हायवेला लागून माझं पत्र्याचं शेड आहे आणि शेडच्या मागे घर. वडील घरगुती नळकाम करायचे, ते मी त्यांच्याकडून शिकलो. मग पुण्याकडे बसच्या बॉडी बांधायच्या एका कारखान्यात आठ वर्षं काढली आणि परत येऊन चालत्या गाडीतलं पाणी हाच धंदा धरला. गावातले लोक हसले. गाडीत पाणी म्हणजे रेडिएटर, त्याला वेगळा मिस्त्री कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण हायवेवरून फिरते दवाखाने जातात, प्रचाराच्या गाड्या जातात, शूटिंगवाल्यांच्या गाड्या जातात आणि अलीकडे कॅरॅव्हॅनही जातात. कॅरॅव्हॅन म्हणजे आत बिछाना, ओटा, बेसिन, संडास असलेली गाडी. घर बरोबर घेऊन फिरायची सोय. या सगळ्यांत पाणी असतं आणि ते सगळं कधी ना कधी गळतं.

संपादकांनी मला सांगितलं की दिवाळी अंक आहे, जरा गमतीजमती लिहा. गमती होत्या. पण तांदळातले खडे निवडावेत तसा राग बाजूला काढून नुसती गंमत वाढणं मला जमत नाही. वाचायचं असेल तर दोन्ही वाचा.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडीत सीटखाली प्लास्टिकची टाकी असते, शंभर-दीडशे लिटरची. टाकी खाली आणि नळ वर, त्यामुळे पाणी आपण होऊन नळाला येत नाही. मध्ये बॅटरीवर चालणारा लहानसा पंप असतो. नळ उघडला की नळीतला दाब कमी होतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो आणि पंप थांबतो. आता समजा सगळे नळ बंद आहेत, कुणी कशाला हात लावलेला नाही, तरी पंप मधूनच टुर्र करून गप्प झाला, तर कुठेतरी पाणी निसटतंय असं समजायचं. पंप खोटं बोलत नाही. मालक बोलतो. तो पंपाचं बटण बंद करतो, आवाज थांबतो आणि मग म्हणतो की गळती गेली. असे मालक मी डझनाने पाहिले. फरशीचा प्लाय कुजून खाली पाय गेला की मग ते माझ्याकडे यायचे आणि वर मलाच विचारायचे की हे असं कसं झालं.

गळती शोधायची माझी रीत साधी होती. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसायचे, खाली जुना पेपर अंथरायचा, पंप चालू ठेवायचा आणि चहा प्यायला जायचं. परत येऊन पेपरवर ओला डाग कुठे पडलाय ते बघायचं. टाकी गळते की नळी, असा घोळ पडला तर टाकीत जिलबीचा केशरी रंग टाकायचा. आमच्याकडे आणखी एक सोय आहे. बोअरचं पाणी इतकं जड, की ते वाळलं तरी पांढरा क्षार मागे राहतो. शहरातला मिस्त्री टॉर्च घेऊन तासभर शोधेल, मी नुसता पांढरा ओघळ बघायचो. या पाण्याने लोकांना मुतखडे दिले आणि मला धंदा दिला.

गळती होऊच नये म्हणून काय करायचं, तेही सांगतो, कुणी ऐकणार नाही हे माहीत असूनसुद्धा. गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी बॉडी मुरगळते. घरात वापरतात तो कडक, चिकटवलेला पाइप मुरगळत नाही, तो सांध्यात तुटतो. म्हणून गाडीत लवचिक नळी घालायची, हातभर अंतरावर रबर लावलेल्या पट्टीने ती धरून ठेवायची, लोखंडातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी बुश, म्हणजे रबराचं कडं घालायचं आणि वळणावर थोडी सैल सोडायची. प्लास्टिकचे आटे हाताने आवळायचे आणि वर पान्याने पाव फेरा द्यायचा. पाणी आतला वॉशर अडवतो, तुमची ताकद अडवत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून नळ उघडे ठेवायचे. बास, एवढंच शास्त्र आहे.

पण आमचा मिस्त्री ऐकेल तर शपथ. त्याचा हात लोखंडी पाइपावर बसलेला. तो प्लास्टिकच्या आट्यावर ताग गुंडाळणार, वर सफेदा, म्हणजे सांध्याला लावायचा पांढरा लेप थापणार, दोन फुटी पान्याने ओढणार आणि घट्ट झाल्यावरही म्हणणार, अजून अर्धा फेरा बसतोय की. त्या अर्ध्या फेऱ्यात प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि दोनशे किलोमीटरवर उघडते. मी मोठा शहाणा म्हणून हे लिहीत नाही. वडिलांच्या हाताखाली मीही तो अर्धा फेरा शिकलो होतो आणि पुण्याच्या कारखान्यात पहिल्याच महिन्यात त्यापायी शिव्या खाल्ल्या होत्या.

आता ती एक गंमत सांगतो. टँकरवर जगायचा एक उन्हाळा होता आणि त्यात निवडणूक. कुणा उमेदवाराची प्रचाराची गाडी आमच्या तालुक्यात फिरत होती. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. गाडीत एसी, सोफा, बेसिन आणि अंघोळीचा शॉवर. शॉवरची लाइन सांध्यात गेली आणि एका गावात भाषण चालू असताना गाडीखाली धार लागली. टँकरची वाट बघत बसलेल्या एका म्हातारीने उठून त्या धारेखाली घागर लावली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. भाषण पाण्याच्या योजनेवर चाललं होतं. कार्यकर्त्याचा मला फोन आला की बेअब्रू होतेय, असाल तसे या. मी मोटारसायकलवर गेलो, शॉवरची लाइन तोडून तोंड बंद केलं, आणि तोटी लावलेला वीस लिटरचा एक कॅन बेसिनवर बांधून दिला. दोन दिवस यावर भागवा, मग गाडी शेडला आणा, असं सांगितलं. मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा ती म्हातारी घागरीपाशी उभी होती.

"कावून बंद केलं, बाबा?" ती म्हणाली. "अर्धी भरली व्हती."

लोकांना हा किस्सा सांगितला की लोक पोट धरून हसतात. मला आजही हसू येत नाही.

तर हा कॅन. अडलेल्या गाडीला मी नेहमी कॅन बांधून द्यायचो. टाकी बंद करायची, पंप बंद करायचा, तोटीचा कॅन दोरीने आवळून ओट्यावर ठेवायचा. दिसायला गबाळं, पण हात धुता येतात, संडासात पाणी टाकता येतं, प्रवास अडत नाही. शेडमध्ये असे चार-पाच कॅन कायम असायचे. मी हा कॅन कुणाला दिला नाही, असं एकदाच झालं. लिहायला बसलो तो खरं तर तेवढ्यासाठीच.

उन्हाळा नुकता लागत होता. सकाळी दहाच्या सुमाराला एक पांढरी ट्रॅव्हलर शेडसमोर थांबली. जुनी गाडी, पण नवा रंग, पुढे झेंडूचा हार आणि बंपरला नारळाच्या पाण्याचे डाग. चालवणारे माणिकराव म्हणजे घाटनांदूरचे रिटायर झालेले बस ड्रायव्हर. तीस वर्षं लाल गाडी चालवलेली, त्यामुळे बसायची पद्धत, आरशात बघायची पद्धत सगळी तीच. रिटायर झाल्यावर त्यांनी ही जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिची कॅरॅव्हॅन करून घेतली. आदल्या दिवशी बायकोला घेऊन निघाले, वाट वाकडी करून लिंबागणेशला गेले, नव्या गाडीचा नारळ फोडला, रात्री तिथेच राहिले. सकाळी मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला येईपर्यंत पायाखालची मॅट भिजली होती. बीडमध्ये कुणीतरी माझं नाव सांगितलं.

मी सीट उचलली आणि माझं डोकं फिरलं. सगळा कडक पाइप. सगळे सांधे चिकटवलेले. पट्टी एकही नाही. लोखंडाच्या भोकातून पाइप तसाच ओढलेला, बुश नाही, काही नाही. पंपाला ताग आणि सफेदा. ज्याने हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला, पाव तास. माणिकराव आपलीच चूक असल्यासारखे खाली मान घालून उभे होते. शेवटी मी सांगितलं की हे सगळं उपटून नवं घालावं लागेल, तीन दिवस लागतील.

ते म्हणाले, "तीन दिवस न्हाई थांबता येत, रफिकभाई. आज चिखलीला पोचायचंय. तात्पुरतं करून द्या कायतरी."

चिखली म्हणजे जालन्याच्या पुढे बुलढाण्याकडची. इथून चार-पाच तासांची वाट. घाई प्रत्येकालाच असते, कुणाचं लग्न असतं, कुणाचं दर्शन. मी विचारलं नाही. कॅनचं सांगणार होतो, अगदी ओठावर होतं, तेवढ्यात घरातून चहा आला. माझी बायको कनीज शेडवर आलेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ देत नाही. माणिकरावांनी कप घेतला. त्यांच्या बायको, शकुंतलाबाई, गाडीत खिडकीपाशी बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. मी कप वर केला.

"ताई, चहा घ्या."

"न्हाई, भाऊ. नको."

"मग पाणी तरी घ्या."

"पाणी बी नको." आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

झालं. माझ्या डोक्यात काय आलं ते सरळ लिहितो. ज्या घरांत माझे वडील नळ बसवायला जायचे, त्यांतल्या काही घरांत त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी लहानपणी त्या कपातून प्यायलो आहे. नवरा तीस वर्षं मिळेल तिथे चहा प्यायलेला ड्रायव्हर, म्हणून त्याला चालतं, आणि बाईला आमच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही, असं मी धरून चाललो. कुणी सांगितलं नव्हतं. बाईच्या तोंडून तसा शब्द निघाला नव्हता. पण मी धरलं. घाव जुना असला की नवी वस्तू नुसती शेजारून गेली तरी तो ठणकतो.

मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "मी लिंपालिंपी करत न्हाई. करणारे रस्त्यात लई भेटतील, त्यांच्याकडं न्या."

माणिकराव काही सांगायला लागले. मी म्हणालो, ऐकलं. आणि शेजारी उभ्या असलेल्या दवाखान्याच्या गाडीखाली जाऊन आडवा झालो. खरं तर त्या गाडीचं काम आदल्या दिवशीच झालेलं होतं. उगाच एक नट सोडायचा, परत आवळायचा, असं करत पडून राहिलो. थोड्या वेळाने ट्रॅव्हलर सुरू झाल्याचा आवाज आला.

अर्ध्या-पाऊण तासाने कनीज कप न्यायला आली. "वो बाई गई क्या?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग ती सांगायला लागली. मी गाडीखाली लोळत होतो तेव्हा शकुंतलाबाई मागच्या दाराने आमच्या घरी गेल्या होत्या, संडासला जायला. दहा मिनिटांत कनीजला सगळं कळलं होतं. बाईंचं सहा वर्षांपूर्वी लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन झालेलं. अर्ध्या-अर्ध्या तासाने जावं लागतं आणि दर वेळी स्वच्छ पाणी लागतं, नाहीतर आत जंतू होतात, ताप भरतो. एकदा बसच्या प्रवासात तसंच होऊन जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून त्या अंबाजोगाईच्या पुढे गेल्या नव्हत्या. तीस वर्षं बस चालवणाऱ्याची बायको, आणि तिला बसमध्ये बसता येईना. म्हणून माणिकरावांनी ही गाडी करून घेतली होती. आणि चिखलीला बाईंची थोरली बहीण अंथरुणावर होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलंय, असा फोन आदल्या रात्री लिंबागणेशला आला होता.

"भैन की आखरी मुलाकात कू जा रही थी वो," कनीज म्हणाली. "तुम पूछे बी नै?"

मी म्हणालो, तिने आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. कनीजने माझ्याकडे असं बघितलं की मला अजून ते आठवतं. ती म्हणाली की बाई पाणी पीतच नाही, रस्त्याला लागली की ओठ ओले करण्यापुरतं सुद्धा नाही, कारण प्यायलं की उतरावं लागतं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

मी तसाच उठलो, एक कॅन मागे बांधला आणि मोटारसायकल हायवेला घातली. शहागडला गोदावरीच्या पुलापलीकडे एक पाइपवाला आहे, तिथे चौकशी केली. पांढरी ट्रॅव्हलर आली होती. त्याने सांध्यावर लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुटी थापून दिली होती आणि त्या गोष्टीला अर्धा तास होऊन गेला होता. अंबडच्या रस्त्यालाही पाच-सात किलोमीटर जाऊन आलो, गाडी कुठे दिसली नाही. माझ्याकडे त्यांचा फोन नंबरही नव्हता. परत येताना त्या पाइपवाल्यापाशी थांबलो आणि त्याला झापलं, की दाबाच्या लाइनला लांबी लावतो, लाज नाही वाटत?

तो म्हणाला, "त्यांनी हात जोडले, म्हणून केलं. तुमी तर तेवढं बी केलं न्हाई म्हणं."

मी गाडीला किक मारली आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी ट्रॅव्हलर पुन्हा शेडसमोर उभी राहिली. पुढचा हार वाळलेला, तसाच. माणिकराव उतरले आणि जे झालं ते त्यांनी बसचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. अंबड सोडल्यावर एका खड्ड्यात सांधा निखळला. टाकीतलं पाणी आतच पसरलं, वायरिंगमध्ये गेलं, पंप जळला. बाईंच्या पायाखाली घोटाभर पाणी आणि नळाला थेंब नाही. माणिकराव म्हणत होते, ढाब्यावर थांबू, बादली मागू. बाई म्हणाल्या, थांबू नका, चला, मला लागली नाही. जालना येईपर्यंत त्यांना थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात फोन आला की बहीण गेली. हाताला सलाइन लावलेली असताना बाईंनी तो घेतला. तिथून चिखली दोन तासांवर.

माणिकराव पुढे म्हणाले की आता तुम्ही सांगितलं होतं तसं सगळं नवं घाला, तीन काय, चार दिवस घ्या. माझ्यावर एका शब्दाचा ठपका नाही. त्यांनी माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालोसुद्धा, की शिव्या द्या मला. तर म्हणाले, "तुमचं काय चुकलं, रफिकभाई? तुमी खरं तेच सांगितलं व्हतं."

ते दोघं आमच्या घरीच राहिले. शकुंतलाबाई कनीजबरोबर लसूण सोलत बसायच्या आणि चहा प्यायच्या, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कप रिकामा झाला की स्वतःच पुढे करायच्या. मला ते बघवत नव्हतं. मी शेडमध्ये त्या गाडीवर तुटून पडलो. सगळा कडक पाइप करवतीने कापून बाहेर फेकला. कुजायला लागलेला प्लाय आणि जळलेला पंप बदलला. हातभर अंतरावर सांगतो ती पट्टी मी वीत-वीतभर अंतरावर मारली. प्रत्येक भोकाला बुश, प्रत्येक वळणावर ढील. आयुष्यात तेवढं चांगलं काम मी दुसरं केलं नाही, आणि ते करताना सगळा वेळ मी दात खात होतो. बॉडीवाल्यावर, त्या पाइपवाल्यावर, स्वतःवर. आणि या रस्त्यावरही. इथे टोलनाके आहेत, मॉल आहेत, पुढाऱ्याच्या गाडीत शॉवर आहे; पण बाईमाणसाला उतरून जाता येईल असा पाण्याचा, कडी लागणारा संडास मैलोन् मैल नाही. आमच्या सगळ्या बायका घरून निघताना पाणी पीत नाहीत. माझी आई प्यायची नाही, माझी बायको पीत नाही. मी पन्नास वर्षं हे बघत आलो, आणि त्या दिवशी एक बाई माझ्यासमोर पाणी नको म्हणाली तर मला फक्त माझा कप आठवला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या नकाराचा मी काय अर्थ घेतला, आणि कॅन शेडमध्ये असताना मी तो दिला नाही, हे सगळं. माणिकराव तिथेच बसले होते. शकुंतलाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत राहिल्या.

"मला वाटलं, तुमी गाडीवर चिडलात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कॅन दिला असता तर मी गेले असते, भाऊ. जलमभर डोक्यावरून पाणी आणलंय मी. नळ कुणी मागितला व्हता? नळ यांना पायजे व्हता, आन तुमाला तो नीट पायजे व्हता. मला माझी बहीण पायजे व्हती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माणिकराव उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. कनीजने ताटं उचलली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, असू द्या. असू द्या म्हणजे माफ केलं असं नसतं, हे मला या वयात कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरली, पेपर अंथरला, पंप चालू ठेवला. दोन तास झाले तरी पेपर कोरडा. मग गाडी मुद्दाम खराब रस्त्याने वीस किलोमीटर पळवून आणली. पेपर कोरडाच. मी शकुंतलाबाईंना आत बोलावून नळ उघडायला सांगितलं. त्यांनी उघडला. पाणी आलं. त्यांनी बोटं ओली केली, नळ बंद केला आणि पदराला हात पुसले.

"चांगलं केलंत," त्या म्हणाल्या.

माणिकराव स्टिअरिंगवर बसले. तीस वर्षांची सवय, त्यांनी आरशातून मागे बघत विचारलं, "हां, कुठं घ्यायची गाडी?"

शकुंतलाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. "जायचं व्हतं तिकडं आता कोण हाय?" त्या म्हणाल्या. "न्या तुमाला न्यायची तिकडं."

गाडी शेडमधून निघाली आणि हायवेच्या तोंडाशी जाऊन थांबली. एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला जालन्याचा रस्ता. तीस वर्षं लाल गाडी चालवलेला तो माणूस कुठल्याच बाजूचा सिग्नल न देता तिथे उभा राहिला. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या देत बाजूने निघून गेला, त्याच्यामागून दुसरा. मी आणि कनीज शेडच्या दारात उभे होतो. आम्ही आत आलो तेव्हाही गाडी तिथेच होती.